खिद्रापूर दोन पानांत : प्रवास मासिकाचा स्प्रेड रचताना

दिवाळीनंतर उपयोजित कलेच्या मुलांना हा प्रकल्प मिळतो. प्रवास मासिकासाठी एक स्प्रेड करायचा, म्हणजे समोरासमोरची दोन पानं, आणि विषय आपल्याच भागातला. पहिल्या तपासणीला माझ्या टेबलावर येणाऱ्या बऱ्याचशा पानांवर अंबाबाईचं शिखर, रंकाळा, पन्हाळ्याचा तीन दरवाजा, चप्पल, तांबड्या रश्शाची वाटी आणि मातीतला एक पैलवान असे सहा फोटो असतात. मधून आडवं ‘रांगडं कोल्हापूर’ लिहिलेलं असतं. मेहनत केलेली दिसते, पण पान बघून कुणी कुठे जाऊन आलंय असं वाटत नाही. गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या फ्लेक्ससारखं दिसतं सगळं.

मी बरीच वर्षं पुरवण्यांची पानं लावली, आता आठवड्यातून दोन दिवस शिकवते. मुलांना सारखं एकच सांगते, की दोन पानांत एक जागा आणि त्या जागेची एकच वेळ मावते. बाकीचं सगळं, फाँट, ग्रिड (पान आखायची जाळी), रंग, छपाई, ती एक गोष्ट सांभाळण्यासाठी असतं. खाली मी खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक स्प्रेड बांधून दाखवते. तुमची जागा वेगळी असली तरी मापं आणि क्रम हाच राहील.

जागा निवडताना

‘पन्हाळा’ हा विषय नाही. ‘पन्हाळ्याचा अंबरखाना’, म्हणजे गडावरचं धान्याचं कोठार, हा विषय होऊ शकतो आणि ‘अंबरखान्यातला दुपारचा अंधार’ हा पक्का विषय झाला. तसंच ‘अंबाबाई मंदिर’ नको, ‘किरणोत्सवाची संध्याकाळ’ घ्या. मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्याकडे सरकत जातात आणि मंडपातली माणसं माना उंचावून बघत असतात. रंकाळ्याचा अख्खा फेरा घेऊ नका, पहाटे तिथे चालायला येणारी माणसं घ्या. जोतिबाला गेलात तर चैत्र यात्रेतला गुलाल घ्या. विषय एवढा बारीक केला की काय काढायचं आणि काय सोडायचं हे आपोआप ठरतं.

खिद्रापूर मी का घेतलं, तर तिथे एक आकार आयता मिळतो. कृष्णेच्या काठी, शिरोळ तालुक्यात, कोल्हापूरपासून साठेक किलोमीटरवर हे शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं मंदिर आहे. पुढच्या बाजूला स्वर्गमंडप आहे. अठ्ठेचाळीस खांबांच्या या मंडपाला मधोमध छतच नाही, गोल मोकळं आभाळ आहे. त्या गोलाच्या बरोबर खाली तेवढीच गोल रंगशिळा आहे. वर गोल, खाली गोल आणि मधे काळे खांब. यापेक्षा सोपी रचना देऊळ तुम्हाला काय देणार?

निघायच्या आधी पेन्सिल

कॅमेरा उचलायच्या आधी एका कोऱ्या कागदावर आगपेटीएवढ्या चौकटी काढा, मधे घडीची रेघ मारा आणि पंधरा मिनिटांत दहा-बारा रचना खरडून टाका. फोटो म्हणजे काळा ठोकळा, मजकूर म्हणजे आडव्या रेघा, मथळा म्हणजे एक जाड पट्टी. यातल्या पहिल्या तीन-चार रचना तुम्ही कुठेतरी बघितलेल्या असतात. सातव्या-आठव्यापासून स्वतःच्या यायला लागतात.

मुलं हे टाळतात. थेट कॅनव्हा उघडून ‘ट्रॅव्हल मॅगझिन’ टेम्प्लेट घेतात आणि टेम्प्लेटमधल्या फोटोच्या जागा भरण्यासाठी फोटो काढतात. मग आडव्या जागेत उभा फोटो कोंबला जातो आणि खांबाचं डोकं उडतं. टेम्प्लेट वापरलेलं परीक्षकांना दुरून ओळखता येतं. कॅनव्हाच उघडायचं असेल तर कोरं पान घ्या.

तिथे गेल्यावर

कोल्हापुरातून सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानक) एसटीने कुरुंदवाड गाठायचं, पुढे एसटीची वेळ जुळली तर ठीक, नाही तर वडाप. स्वतःची गाडी असेल तर वाटेत नरसोबाची वाडी लागते, तिथला कृष्णा-पंचगंगेचा संगम आणि कवठाची बर्फी. पण वाडी हा वेगळा स्प्रेड आहे. त्याचे फोटो काढा आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा.

स्वर्गमंडपात पोचल्यावर पहिली दहा मिनिटं फोटो काढू नका. पुजारी किंवा राखणदार असतील त्यांच्याशी बोला, विचारून घ्या. मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. हातात धरून काढलेले फोटो चालतात, ट्रायपॉड आणि ड्रोन परवानगीशिवाय चालत नाहीत.

आता उजेड. खिद्रापूरच्या अक्षांशावर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तोच. त्या सुमारास गोलातून पडणारा उन्हाचा कवडसा थेट रंगशिळेवर बसतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही तसाच बसेल, पण तेव्हा ढग असतात आणि कृष्णेला पाणी असतं. तुमचा प्रकल्प हिवाळ्यातला. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून कवडसा मधोमध न पडता उत्तरेच्या खांबांवर चढतो. नेटवरचा मेमधला फोटो बघून डिसेंबरात गेलात तर हात हलवत परत याल. त्याऐवजी खांबावर चढलेलं ऊन हाच तुमचा फोटो माना. कोरीव काम त्यात जास्त उठून दिसतं.

मुख्य फोटोसाठी रंगशिळेच्या कडेला खाली बसून किंवा पाठीवर झोपून थेट वर बघत काढा. फोन आपणहून खांब उजळायला जातो आणि आभाळ पांढरं फटक करून टाकतो. गोलाच्या कडेवर बोट दाबून धरा, उजेड खाली ओढा, आभाळात निळा रंग दिसेपर्यंत. खांब काळवंडले तरी नंतर उचलता येतात, पण फटक पडलेल्या आभाळातून पुढे काहीच परत मिळत नाही. फोनची अर्धी पट (०.५) रुंद लेन्स इथे वापरू नका, कडेचे खांब केळ्यासारखे वाकतात.

मग दोन छोटे फोटो हवेत. एक अगदी जवळून, उदाहरणार्थ देवळाच्या पायाशी ओळीने कोरलेल्या हत्तींपैकी एकाच हत्तीची सोंड. दुसरा माणसाचा. माणूस नसेल तर खांब केवढा हे वाचकाला कळणार कसं? ज्यांचा चेहरा ओळखू येतो त्यांना आधी विचारा. मागे एका मुलीने आणलेला फोटो मला अजून आठवतो. एक आजी खांबाला टेकून चप्पल हातात घेऊन बसलेल्या, आणि त्यांच्या डोक्यावर दगडातली मूर्तीही तशीच टेकलेली. तिने आजींना म्हटलं होतं, “आज्जी, एक फोटो काढू काय?” आजी म्हणाल्या, “काढ की, पर माझा न्हवं, देवाचा काढ.” हे वाक्य तिने फोटोओळीत घातलं आणि तो स्प्रेड वर्गात सगळ्यांच्या लक्षात राहिला.

पानाचं माप छपाईवाल्याला विचारून

इथे सगळे चुकतात, म्हणून जरा थांबते. सगळ्यांना ए-फोर माहीत असतं, २१० बाय २९७ मिलिमीटर. दोन पानं शेजारी ठेवली की ४२० बाय २९७. चारी बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड धरलं की ४२६ बाय ३०३. ब्लीड म्हणजे कापताना ब्लेड इकडे-तिकडे सरकलं तरी पांढरी कड दिसू नये म्हणून फोटो पानाबाहेर वाढवून ठेवलेला भाग.

आता राजारामपुरीत नाही तर शाहूपुरीत कुठल्याही डिजिटल प्रिंटवाल्याकडे जा. त्याच्याकडे नेहमीचा कागद असतो ‘बारा-अठरा’, म्हणजे १२ बाय १८ इंच, मिलिमीटरमध्ये ३०५ बाय ४५७. तुमची उंची ३०३ आणि कागद ३०५. शिवाय मशीन कडेचे चार-पाच मिलिमीटर छापतच नाही. जमा करायच्या आदल्या रात्री काउंटरवर असं होतं:

“ओ मॅडम, हे बारा-अठरावर बसत न्हाई.”

“मग?”

“फिट टू पेज करून मारू काय? कायच कळत न्हाई कुणाला.”

कळतं. पान लहान होतं, दहा पॉइंटचा मजकूर साडेनऊवर येतो, समासाचं गणित बिघडतं आणि ब्लीड जातं. तेरा-एकोणीसचा कागद असेल तर ए-फोरचा स्प्रेड बसतो, पण तो सगळीकडे मिळेलच असं नाही. म्हणून मी मुलांना पानच थोडं लहान घ्यायला लावते: २०५ बाय २७५ मिलिमीटर. स्प्रेड ४१० बाय २७५, ब्लीडसकट ४१६ बाय २८१. बारा-अठरावर आरामात बसतो, कापायच्या खुणांनाही जागा उरते. हातात धरायलाही हा आकार ए-फोरपेक्षा मासिकासारखा वाटतो.

कॉलेजने ए-फोरच सांगितलं असेल तर वाद घालू नका, तेरा-एकोणीस शोधा.

ग्रिड

एका पानाचे समास: घडीकडे १८, बाहेर १४, वर १६, खाली २० मिलिमीटर. उरली १७३ मिलिमीटर रुंदी. तिचे सहा रकाने करा, दोन रकान्यांमध्ये ४ मिलिमीटर मोकळे. प्रत्येक रकाना २५.५ मिलिमीटरचा येतो. दोन रकाने जोडले की ५५ मिलिमीटर, हा तुमचा मजकुराचा कॉलम. एका पानात असे तीन बसतात. फोटोओळ एका रकान्यात मावते, माहितीची चौकट दोन किंवा तीन रकान्यांत.

ओळींचीही जाळी हवी. मजकूर १० पॉइंट, ओळीची उंची १५ पॉइंट. २३९ मिलिमीटर उंचीत अशा ४५ ओळी बसतात. ५५ मिलिमीटरच्या ओळीत मराठीचे सरासरी पाच शब्द धरा, म्हणजे भरगच्च एका कॉलममध्ये सव्वादोनशे शब्द. हा हिशेब लिहायला बसायच्या आधी करा. नऊशे शब्द लिहून आणायचे आणि मग अक्षर आठ पॉइंटवर न्यायचं, हा प्रकार दर वर्षी बघते.

फोटो, गोल आणि घडी

खिद्रापूरच्या स्प्रेडमध्ये डावं पान पूर्ण फोटोचं. तो फोटो घडी ओलांडून उजव्या पानाच्या पहिल्या कॉलमपर्यंत जातो. रुंदी मोजा: ३ ब्लीड, २०५ डावं पान, १८ समास, ५५ कॉलम, एकूण २८१. उंचीही ब्लीडसकट २८१. म्हणजे बरोबर चौरस. फोनचा नेहमीचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो. त्यातून ३००० बाय ३००० चा चौरस कापला की छपाईत इंचाला २७१ पिक्सेल मिळतात. पुस्तकी आकडा ३०० चा, पण २७१ ला काहीही होत नाही.

तोच फोटो मित्राने व्हॉट्सॲपवर साधा पाठवला असेल तर मोठी बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, चौरस १२०० चा, आणि इंचाला पिक्सेल उरतात १०८. खांबांच्या कडा दाताने कुरतडल्यासारख्या दिसतात. फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं स्पष्ट सांगा.

आता घडी. आभाळाचा गोल फोटोच्या मधोमध असेल आणि छापल्यावर त्याचा व्यास ११० मिलिमीटरच्या आत राहिला, तर तो घडीच्या बाराएक मिलिमीटर अलीकडे संपतो. घडीवर येतात ते नुसते खांब आणि सावली. हे मुद्दाम जुळवून आणायचं असतं. गोल घडीवर आला तर तो दुमडून लिंबाच्या फोडीसारखा दिसतो. माणसाचा चेहरा, मूर्ती, मथळ्यातलं अक्षर यातलं काहीही घडीवर टाकू नका. पिन मारलेलं मासिक बऱ्यापैकी सपाट उघडतं, पण गोंदाच्या बांधणीत दोन्हीकडचे आठ-दहा मिलिमीटर आत गिळले जातात.

मी विद्यार्थी असताना पन्हाळ्याचा एक स्प्रेड केला होता. सज्जाकोठीच्या खिडकीत उभी असलेली माझी बहीण घडीवर आली. जमा करताना सरांनी पान थोडं मिटून बघितलं आणि विचारलं, “या बाईंना एकच डोळा आहे का?” बहिणीने ते अजून सोडलेलं नाही.

मराठी अक्षर

इंग्रजीतल्या ट्युटोरियलवरून शिकलेली मुलं इथे अडकतात, कारण तिथले निम्मे सल्ले देवनागरीला लागूच होत नाहीत.

पहिलं, सॉफ्टवेअर. इनडिझाइनमध्ये, म्हणजे पानं लावायच्या ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये, मराठी मजकूर टाकण्याआधी परिच्छेदाच्या पॅनलमधून ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा आणि मजकुराची भाषा मराठी करा. नाही तर ‘खिद्रापूर’मधली वेलांटी ‘ख’च्या पुढे सुटी पडते आणि ‘द्रा’चा पाय मोडतो. पैसे घालायचे नसतील तर स्क्रायबस फुकट आहे. थोडं रुक्ष आहे, पण ब्लीड, ग्रिड, पीडीएफ सगळं नीट करतं. नवी आवृत्तीच घ्या, जुन्यात जोडाक्षरं मोडायची.

दुसरं, फाँट. मजकुराला एक, मथळ्याला एक, संपलं. मजकुरासाठी मुक्त घ्या किंवा टिरो देवनागरी मराठी. दोन्ही गूगल फाँट्सवर फुकट आहेत. टिरोची हिंदी, संस्कृत आणि मराठी अशी वेगवेगळी रूपं आहेत, मराठीचंच घ्या. आपल्या ‘ल’ आणि ‘श’ची वळणं हिंदीपेक्षा वेगळी असतात आणि वाचकाला कारण सांगता आलं नाही तरी चुकलेला ‘ल’ डोळ्याला टोचतो.

फाँट ठरवण्याआधी ही ओळ टाइप करून बघा: ‘कृष्णेच्या खोऱ्यातलं श्रीक्षेत्र, शुद्ध रूप, तऱ्हा, ॲप’. यातलं एकही अक्षर मोडलं तर तो फाँट कितीही देखणा असला तरी सोडून द्या. त्यातही ‘ऱ्या’ नीट बघा. प्रवासाच्या लेखात हे अक्षर सतत येतं: दऱ्या, किनाऱ्यावर, वाऱ्यावर. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर नुक्त्याचा ‘ऱ’ शिफ्ट आणि जे दाबून मिळतो, त्याला हलन्त आणि ‘य’. साधा ‘र’ वापरला की रफार वर जातो आणि ‘सह्याद्रीच्या दऱ्या’चा ‘सह्याद्रीचा दर्या’ होतो. सह्याद्रीत समुद्र आणलेला स्प्रेड मी तपासलेला आहे.

तिसरं, अक्षरं सुटी करू नका. इंग्रजी मासिकात मथळ्याची अक्षरं लांब लांब ठेवतात, दिसतं छान. देवनागरीत ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि ‘खि द्रा पू र’ असं कापलेलं वाचावं लागतं. मथळा मोठा दिसायला हवा तर अक्षर मोठं करा, जाडी वाढवा. तिरकं अक्षरही नको. बहुतेक मराठी फाँटला खरं तिरकं रूप नसतं, सॉफ्टवेअर सरळ अक्षरालाच ढकलून पाडतं.

चौथं, ओळींमधली जागा. इंग्रजीला दहावर बारा, म्हणजे दहा पॉइंट अक्षराला बारा पॉइंटची ओळ, चालतं. आपल्याकडे वर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि खाली उकार. दहावर बारा लावलं की वरच्या ओळीतला ‘पू’चा उकार खालच्या ‘कै’च्या मात्रांत घुसतो. म्हणून दहावर पंधरा. मथळ्याच्या दोन ओळी असतील तर मात्र शब्द बघून हाताने जवळ आणा, तिथे उकार-मात्रा समोरासमोर येतातच असं नाही.

पाचवं, दोन्ही कडा सारख्या करू नका. ‘स्वर्गमंडपाभोवतालच्या’ असा एक शब्द ५५ मिलिमीटरच्या ओळीत आला की पुढचा खाली जातो आणि उरलेल्या शब्दांमध्ये बोटं जातील एवढ्या फटी पडतात. ओळी डावीकडून लावा, उजवी कड खालीवर राहू दे.

पहिलं अक्षर मोठं करायची हौस असेल तर जपून. लेख ‘स्वर्गमंडप’ने सुरू होत असेल तर मोठं करायचं ते ‘स्व’, पण ‘एक अक्षर’ म्हटल्यावर सॉफ्टवेअर कधी नुसता ‘स्’ उचलतं. मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला जुळली पाहिजे. तसंच फोटोच्या वरच्या कडेला मजकूर जुळवताना चौकटीची कड पाहू नका, शिरोरेषा पाहा. डोळ्याला तीच रेघ दिसते.

मथळा, मजकूर, फोटोओळ

मथळ्यात ‘निसर्गरम्य’, ‘अद्भुत’, ‘अविस्मरणीय’ नको. माझा मथळा ‘छत नसलेला मंडप’ असा. ५४ पॉइंट, जाड, दोन ओळींत, उजव्या पानाच्या वरच्या डाव्या भागात, जिथे फोटोतले काळे खांब आलेत त्यावर पांढरा. त्याखाली दोन वाक्यांचा इंट्रो, मग उरलेल्या दोन कॉलममध्ये साडेतीनशे शब्दांचा लेख. साडेचारशेची जागा होती, शंभर शब्द चौकटीसाठी काढून ठेवले.

लेखाची सुरुवात इतिहासाने करू नका. ‘कोपेश्वर मंदिर हे शिलाहारकालीन...’ असं पहिलं वाक्य आलं की वाचक पान उलटतो. तिथे असल्यासारखं सुरू करा: पायाला दगड गार लागतो, वर बघितल्यावर डोळे मिटतात. इतिहास चौथ्या वाक्यापासून येऊ दे. शिवाच्या मंदिरासमोर नंदीच नाही, ही गोष्ट मात्र लवकर सांगा. ती वाचून माणूस पुढे वाचतो.

फोटोओळीत दिसतंय तेच सांगू नका. ‘कोपेश्वर मंदिराचे विहंगम दृश्य’ ही जागा फुकट घालवणं आहे. ‘त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री याच गोलातून उतरणारं चांदणं बघायला लोक जमतात’ हे दिवसाच्या फोटोखाली लिहिलं की फोटोला एक रात्र मिळते. फोटोओळ साडेआठ पॉइंट, मजकुरापेक्षा वेगळ्या फाँटमध्ये चालेल. फोटो कुणाचा ते लिहा, स्वतःचा असला तरी.

चौकटीत ‘कसं जाल’. अंतर, गाडी, कुठे खाल, कधी जाऊ नये. शेवटचं मुद्दाम लिहा, कारण २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शिरोळ तालुक्याचं काय झालं ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी बघूनच निघायचं.

नकाशा स्वतः काढा. मोबाइलवरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट छापायला फाटतो आणि हक्काचाही प्रश्न येतो. ओपनस्ट्रीटमॅप समोर ठेवून काढलात तर खाली त्यांचं श्रेय लिहा. चार ठिपके पुरतात: जयसिंगपूर, नरसोबाची वाडी, कुरुंदवाड, खिद्रापूर. आणि कृष्णेची वळणं नीट काढा. नदी सरळ काढलेला शिरोळचा नकाशा कुणी खरा मानणार नाही.

रंग

तीन पुरे. एक दगडाचा, एक आभाळाचा, एक तिसरा. तिसरा फोटोतूनच उचला, वाळलेल्या झेंडूचा किंवा आजींच्या लुगड्याचा. कोल्हापूर म्हटलं की लाल-काळा-पिवळा घ्यायची सवय आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमाची पोस्टरं रंगवली त्या गावात रंगाचा विचार एवढ्यावर थांबू नये.

काम छपाईचं असल्याने फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत. जोतिबाच्या गुलालाचा विषय घेतलेल्यांनी जास्त सावध राहावं. स्क्रीनवर पेटल्यासारखा दिसणारा गुलाबी कागदावर मवाळ पडतो आणि तो परत पेटवायचा उपाय चार शाईत नाही. खिद्रापूरला उलटी अडचण. काळे खांब छापल्यावर आणखी काळे होतात, कोरीव काम सावलीत बुडतं. म्हणून फोटोतल्या सावल्या स्क्रीनवर थोड्या फिकट वाटतील इतक्या उचला. मजकुराचा काळा मात्र नुसत्या काळ्या शाईचा, शंभर टक्के. चारी शाया मिसळलेला काळा बारीक अक्षराला लावला की कागद जरा सरकला तरी अक्षरांना रंगीत सावली येते. काळ्या फोटोवर पांढरा मजकूर टाकायचा तर ११ पॉइंटच्या खाली नाही आणि जाडी मध्यम, नाही तर शाई पसरून ‘ष’चं पोट भरून जातं.

जमा करायच्या आधी

स्क्रीनवर तपासू नका. खऱ्या मापात दोन ए-फोरवर काळी-पांढरी झेरॉक्स काढा, मधे चिकटपट्टी लावा, भिंतीला टाचा आणि सहा फूट मागे जा. डोळे बारीक करून बघा. पहिली नजर गोलावर, मग मथळ्यावर, मग लेखाच्या पहिल्या ओळीवर जाते का? नजर आधी चौकटीवर गेली तर चौकटीचा रंग उतरवा. मग घरातल्या कुणाला तरी लेख मोठ्याने वाचायला द्या. जिथे ते अडखळतात तिथे शुद्धलेखनाची चूक तरी असते, नाही तर वाक्य लांबलंय.

छपाईला पीडीएफ द्या, ब्लीड आणि कापायच्या खुणांसकट, फाँट आत बसवून. तरी प्रिंटवाला म्हणेल, “कर्व्ह करून आणा.” म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून आणा. त्याचं बरोबर असतं. त्याच्या मशीनवर तुमचा फाँट नसतो आणि युनिकोडचा मजकूर श्रीलिपीवाल्या (जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटच्या) संगणकावर उघडला की काय होईल याची खात्री नाही. म्हणून एक प्रत सगळी अक्षरं कर्व्ह करून वेगळ्या नावाने ठेवा. मूळ फाइल हातची सोडू नका, कर्व्ह केल्यावर एक काना दुरुस्त करायलाही परत टाइप करावं लागतं.

कागद १३० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅट आर्ट. चकचकीत कागदावर काळा फोटो आरशासारखा होतो आणि परीक्षकांना मंडपाऐवजी ट्यूबलाइट दिसते. १७० च्या वरचा कागद घेतलात तर घडीला आधी क्रीज मारून, म्हणजे दाबून खाच पाडून, घ्या. तसाच दुमडला की गडद शाई घडीवर तडकते आणि खांबांच्या मधून एक पांढरी रेघ वरपासून खालपर्यंत जाते. काउंटरवरच सांगा, “दादा, क्रीज मारूनच द्या, आणि फिट टू पेज नको.” आणि एक प्रत निघाली की तिथेच पट्टीने मोजा. ४१० यायला पाहिजे.